जुन्या लेन्सचं फुटेज दर पावसाळ्यात दुधाळ होतं, त्याचा छडा

गेल्या जुलैत ठाण्यात तलावपाळीवर एका शॉर्ट फिल्मचा संध्याकाळचा सीन होता. नायिका मासुंदा तलावाच्या कठड्याला टेकून उभी, मागे पाण्यात दिव्यांची लांबच लांब प्रतिबिंबं, आणि कॅमेऱ्यावर माझी लाडकी हेलिओस ४४-२, पूर्ण उघडी, एफ/२ वर (एफचा आकडा लहान तेवढं लेन्सचं छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, मोठं). कॅमेऱ्याच्या एवढ्याशा स्क्रीनवर सगळं झकास दिसत होतं. रात्री ऐरोलीला घरी येऊन मोठ्या मॉनिटरवर लावलं, तर तिचे काळेभोर केस राखाडी, काळी ओढणी राखाडी, कठड्याखालचा अंधारसुद्धा राखाडी. अख्ख्या फ्रेमवरून कुणीतरी पातळ ताक फिरवल्यासारखं. मागे उभा असलेला भाचा म्हणाला, "मामा, व्हिंटेज लुक म्हणतात तो हाच का?"

त्याला काय सांगणार! हे माझं सलग तिसरं वर्ष. जून संपता संपता फुटेज विटायला लागतं, ऑगस्टमध्ये मी वैतागतो, ऑक्टोबरात ऊन पडलं की लेन्स साफ करून घेतो, दिवाळी पहाटेच्या शूटला सगळं ठीक असतं, आणि पुढच्या जुलैत पुन्हा ताक. दर वर्षी मला वाटायचं की कारण सापडलं. दर वर्षी थोडंसं सापडलेलंही असायचं. तीन वर्षांनी सगळे धागे हाताला लागलेत, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय.

माझं सामान आधी सांगतो. एपीएस-सी (३५ मिमी फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान) सेन्सरचा मिररलेस कॅमेरा, सोनी ई माउंट (माउंट म्हणजे लेन्स जोडायची जागा). त्यावर एम४२ स्क्रू माउंटच्या दोन लेन्स: सोव्हिएत हेलिओस ४४-२, ५८ मिमी एफ/२, आणि जपानी सुपर टाकुमार ५० मिमी एफ/१.४. मधे स्वस्तातला एम४२ अडॅप्टर. तुमच्याकडे दुसरा कॅमेरा असेल तरी पुढचं बहुतेक सगळं लागू पडेल.

या प्रकरणात सगळ्यात जास्त नुकसान एका वाक्याने केलंय: "जुनी लेन्स आहे, असंच दिसणार." मीही ते दोन वर्षं बोललो. जुन्या लेन्सवर कोटिंग, म्हणजे काचेवरचा परावर्तन कमी करणारा थर, साधं असतं, त्यामुळे दिवा किंवा सूर्य फ्रेममध्ये किंवा फ्रेमच्या कडेला आला की फ्लेअर येणार, कॉन्ट्रास्ट उतरणार. ते आपल्याला हवंच असतं, त्यासाठीच तर या लेन्स घेतो. पण उजेडाकडे पाठ करून सावलीतला काळा शर्ट शूट केला आणि तोही राखाडी आला, तर त्याला लेन्सचा स्वभाव म्हणून पोसू नका. ते दुखणं आहे आणि त्याला इलाज आहे.

आधी अर्ध्या तासाची तपासणी

लेन्स उघडायच्या आधी हे करा. खुर्चीवर एक काळं सुती कापड टाका, सॅटिन नको, ते चमकतं. खुर्ची अशी ठेवा की खिडकी कॅमेऱ्याच्या पुढे एका बाजूला, पण फ्रेमच्या बाहेर राहील. कॅमेरा ट्रायपॉडवर. सगळं मॅन्युअल: सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) आणि व्हाइट बॅलन्स ठरवून टाकलेले, अ‍ॅपर्चर एफ/२. आता पाच छोट्या क्लिप घ्या. पहिली, लेन्स नेहमी वापरता तशीच. दुसरी, पुढचा फिल्टर काढून. तिसरी, लेन्सच्या वर आणि बाजूला तळहाताने आडोसा धरून, हात फ्रेममध्ये न येऊ देता. चौथी, अ‍ॅपर्चर एफ/४ वर आणि आयएसओ चौपट, म्हणजे एक्स्पोजर तेवढंच राहतं. पाचवी, कॅमेऱ्याबरोबर आलेल्या किट लेन्सने. तिचं अ‍ॅपर्चर जिथवर उघडेल तिथवर उघडा आणि आयएसओ तेवढाच वाढवा.

पाचही क्लिप एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये शेजारी शेजारी ठेवा आणि वेव्हफॉर्म (चित्रातला उजेड दाखवणारा आलेख, तळाला काळं, वर पांढरं) उघडा. डोळ्यांवर भिस्त ठेवू नका, दहा मिनिटांत डोळे राखाडीला काळं म्हणायला लागतात. कापडाची रेघ तळापासून किती वर तरंगतेय तेवढंच बघायचं.

माझ्याकडे पहिल्या क्लिपमध्ये ती रेघ तळापासून चांगली दोन बोटं वर होती. फिल्टर काढल्यावर अर्धं बोट खाली आली. तळहात धरल्यावर धपकन आणखी एक बोट. एफ/४ वर जवळजवळ काहीच फरक नाही. आणि किट लेन्सला रेघ तळाला चिकटलेली.

या चौथ्या क्लिपमधून खूप कळतं. हेलिओस एफ/२ वर उजळ कडांभोवती एक मऊ झळाळी देते, गालावर, पांढऱ्या कॉलरवर. ती काचेच्या गोलाईतून येते आणि एफ/२.८ ते एफ/४ पर्यंत बहुतेक ओसरते. तुमचा दुधाळपणा एफ/४ वर गेला, तर लेन्स ठणठणीत आहे, थोडं अ‍ॅपर्चर बंद करा आणि सुखी राहा. एफ/४ वरही तसाच राहिला, तर पुढे वाचा.

पहिल्या वर्षीचा आरोपी: फिल्टर

पुढची काच जपायची म्हणून मी एक जुना यूव्ही फिल्टर कायम लावून ठेवायचो. सपाट काचेचा फिल्टर म्हणजे परावर्तनासाठी आणखी दोन पृष्ठभाग. रात्रीच्या शॉटमध्ये दिव्याचं एक हिरवट भूत फ्रेमच्या मध्यबिंदूच्या बरोब्बर पलीकडे दिसत असेल आणि कॅमेरा हलवला की ते उलट्या दिशेने पळत असेल, तर फिल्टरवर संशय घ्या. काढून बघा. मी काढला तो परत लावला नाही. पुढची काच वाचवायला हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावरची उजेड अडवणारी कडी, पुरतं.

फिल्टरच्या जोडीने पावसाळ्यातली आणखी एक गंमत सांगून टाकतो, कारण तिच्यामुळे मी एकदा उगाच लेन्स खोलायला निघालो होतो. एसी गाडीतून घोडबंदर रोडवर उतरलो, बॅगेतून कॅमेरा काढला, आणि पहिली पंधरा मिनिटं सगळं धुक्यात. बाहेर ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू साधारण २६ अंशांवर येतो. एसीतून आलेली लेन्स २३-२४ अंशांची. मग तिच्यावर पाणी धरणारच, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर धरतं तसं. पुसून उपयोग नाही, लगेच पुन्हा धरतं. कॅमेरा एसीत असतानाच लेन्ससकट झिपच्या पिशवीत बंद करा, मग बाहेर ठेवा आणि अर्धा तास चहा प्या. दव पिशवीवर धरेल, काचेवर नाही. हे धुकं आपोआप जातं, त्यामुळे ओळखायला सोपं. आपलं ताक आपोआप जात नाही.

दुसऱ्या वर्षीचा आरोपी: अडॅप्टर

तळहाताच्या आडोशाने एवढा फरक पडतोय म्हणजे फ्रेमच्या बाहेरचा उजेड आत शिरून कुठेतरी आपटतोय, हे उघड होतं. कुठे आपटतोय ते कळायला मला एक अख्खं वर्ष लागलं, कारण मी लेन्समध्ये बघत होतो.

एम४२ लेन्सला माउंटपासून सेन्सरपर्यंत ४५.४६ मिमी अंतर लागतं. सोनी ई माउंटला स्वतःचं फक्त १८ मिमी असतं. उरलेले २७.४६ मिमी भरून काढते ती अडॅप्टर नावाची पोकळ नळी. आता लेन्स बनलीय ३५ मिमी फिल्मसाठी, तिचं प्रकाशाचं वर्तुळ सुमारे ४३ मिमी व्यासाचं. एपीएस-सी सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६ मिमीचा. गुणाकार करून बघा, त्या वर्तुळातला जेमतेम चौथा हिस्सा सेन्सरवर पडतो. बाकीचा उजेड जातो नळीच्या भिंतीवर आणि सेन्सरच्या आजूबाजूला. आणि माझ्या अडॅप्टरची भिंत आतून चक्क चकचकीत होती. काळी, पण नव्या कढईच्या दांड्यासारखी तुकतुकीत.

तपासणं सोपं आहे. अडॅप्टर कॅमेऱ्यावरून काढा, खिडकीकडे तोंड करून दुर्बिणीसारखा डोळ्याला लावा आणि थोडा तिरका करा. आतली भिंत उजळून निघाली की चोर सापडला. खात्री हवी असेल तर काळ्या चार्ट पेपरची पट्टी गुंडाळून तात्पुरती आत बसवा, घट्ट बसलीय ना ते हलवून बघा, आणि कापडाची क्लिप पुन्हा घ्या.

पावसाळ्यात हे जास्त का जाणवतं, तेही इथेच कळलं. ऑक्टोबरात सूर्य एका बाजूला असतो, त्याच्याकडे पाठ केली की भागतं. जुलैतलं ढगाळ आभाळ म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरलेला एकच पांढरा सॉफ्टबॉक्स. कुठेही तोंड करा, वरून उजेड आत येतोच.

इलाज करताना मी आधी चूक केली. शाळेच्या फळ्याला लावतात तो काळा मॅट रंग आत फासला. दिसायला उत्तम. दोन महिन्यांत त्याचा टवका उडाला आणि सेन्सरवर जाऊन बसला. एका लग्नात बाहेर उन्हात एफ/११ वर शूट केलं, तर वधूच्या कपाळावर कुंकवाच्या शेजारी दुसरी फिकट टिकली. सेन्सरवरचा कण लहान अ‍ॅपर्चरला जास्त ठळक दिसतो, म्हणून आत हॉलमध्ये तो दिसला नव्हता. रंग नको.

काळा वेल्व्हेट स्टिकर पेपर घ्या, क्राफ्टच्या सामानाच्या दुकानात मिळतो. आधी साध्या कागदाची पट्टी आत फिरवून नळीचा घेर मोजा. माझ्या अडॅप्टरला सव्वाशे मिमीची पट्टी लागली. रुंदी नळीच्या लांबीपेक्षा पाचेक मिमी कमी ठेवा, म्हणजे कॅमेऱ्याच्या बाजूला काही लोंबत नाही. कडा कात्रीने नाही, नव्या ब्लेडने एका दमात कापा, नाहीतर लव सुटते. चिकटवण्याआधी सेलोटेपने लव दोनदा टिपून घ्या, सुटी असलेली निघून जाते. टाकुमारसारख्या लेन्सला मागे अ‍ॅपर्चरची पिन असते, तिच्या वाटेत पट्टी येत नाही ना बघा. हेलिओस ४४-२ प्रीसेट अ‍ॅपर्चरची, तिला पिनच नाही.

पट्टी लावल्यावर कापडाची रेघ इतकी खाली आली की मी त्या रात्री भाच्याला फोन करून सांगितलं, विषय संपला. पुढच्या जुलैत तलावपाळीचा तो सीन झाला.

तिसऱ्या वर्षीचा, म्हणजे खरा

फिल्टर आणि अडॅप्टर बारा महिने तेच असतात. ऑक्टोबरात लेन्स साफ केली की फुटेज सुधारतं आणि जूननंतर पुन्हा बिघडतं, याचा अर्थ लेन्सच्या आत काहीतरी दर वर्षी वाढतंय. हे सरळ गणित मला तीन वर्षं सुचलं नाही, कारण मी दर वर्षी फक्त पुढची आणि मागची काच बघत होतो.

रात्री खोलीत अंधार करा. लेन्स कॅमेऱ्यावरून काढा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, मागून मोबाइलचा टॉर्च तिरका मारा आणि पुढून, प्रकाशझोताच्या थोडं बाजूने, आत बघा. पहिल्यांदा बघणाऱ्याला हार्ट अटॅक येतो. इतकी धूळ दिसते की वाटतं लेन्स संपली. धुळीकडे दुर्लक्ष करा, तिने चित्राला काही होत नाही. जुन्या काचेत एखादा बारीक बुडबुडा दिसला तरी काळजी नको. शोधायच्या दोनच गोष्टी. एक, आरशावर फुंकर मारल्यावर येते तशी सलग पातळ साय: हे हेझ. फोकस रिंगमधलं जुनं ग्रीस उष्णतेने हळूहळू उडतं आणि आतल्या काचांवर जाऊन बसतं. दोन, काचेच्या कडेकडून आत सरकणारे कोळिष्टकासारखे बारीक धागे: ही बुरशी, फंगस. ती दमट, अंधाऱ्या आणि वारा न लागणाऱ्या जागी फोफावते. आमची ऐरोली खाडीच्या काठावर, लेन्स ठेवायची जागा लोखंडी कपाट, आणि लेन्स जुन्या चामडी केसमध्ये. बुरशीला यापेक्षा चांगलं सासर कुठे मिळणार?

माझ्या हेलिओसमध्ये मागच्या गटाच्या आतल्या बाजूला साय होती आणि टाकुमारच्या पुढच्या काचेमागे कडेला नखाएवढा बुरशीचा कोंब. ऑक्टोबरात मी बाहेरून पुसायचो, वर दोन दिवस उन्हात ठेवायचो, त्यातच कोरडी हवा यायची आणि मला वाटायचं आपणच बरी केली.

हेलिओस घरी उघडण्यासारखी लेन्स आहे. तिची रचना साधी, सहा काचा चार गटांत, आणि स्पेअरही मिळतात. दोन टोकांचा लेन्स स्पॅनर घ्या, कैचीच्या टोकाने खाच फिरवायला जाऊ नका. एकदा सटकली की काचेवर जन्माची रेघ. मागची रिंग सैल करायच्या आधी तिच्यावर आणि शेजारच्या भागावर पेन्सिलीने एक खूण करा. प्रत्येक भाग निघाला की मोबाइलवर फोटो, आणि काच ज्या बाजूने वर होती त्याच बाजूने स्वच्छ रुमालावर. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, लेन्सचा टिश्यू, मधून कडेकडे गोल. ग्रीसची साय एका फेरीत जात नाही, नुसती पसरते. प्रत्येक फेरीला नवा टिश्यू घेऊन तीन-चार वेळा करा. अ‍ॅपर्चरच्या आठ पात्यांना बोट, टिश्यू, काहीही लावू नका.

टाकुमार मी स्वतः उघडली नाही. महाग लेन्स, चिकटवलेल्या काचा किंवा आतवर गेलेली बुरशी असेल तर कारागिराकडे द्या. फोर्टात बोरा बाजारच्या बाजूला कॅमेऱ्याची दुकानं आणि दुरुस्तीवाले आहेत, तिथे जुनी लेन्स विकत घेताना हाच टॉर्चचा प्रयोग काउंटरवरच करा. "एकदम साफ है" या शब्दांवर मी एकदा लेन्स घेतलीय, कुणाकडून ते जाऊ दे. विकणाऱ्याने टॉर्च मारू दिला नाही तर हसून नमस्कार करायचा आणि पुढच्या दुकानात जायचं.

एक गोष्ट मनाची तयारी ठेवून ऐका: बुरशी पुसली तरी तिने सोडलेल्या आम्लाने कोटिंग खाल्लेलं असतं. ते परत येत नाही. डाग दिवसा दिसत नाही, रात्री समोरून दिवा आला की दिसतो.

टाकुमारवाल्यांसाठी एक कंसाबाहेरचा कंस. फुटेज दुधाळ नाही, पिवळट येतंय अशी तक्रार असेल तर तो वेगळा आजार. सात काचांच्या टाकुमार ५० मिमी एफ/१.४ मध्ये थोरियमयुक्त काच आहे, ती वर्षानुवर्षं पिवळी पडत जाते. काही दिवस अतिनील प्रकाशात ठेवली की पुष्कळ निवळते. पुसून जात नाही, पुसत बसू नका.

शूट करताना

लेन्स साफ, अडॅप्टर काळा, फिल्टर गेला. आता उरतो आपला हात. सगळ्यात आधी हूड. हेलिओस ४४-२ आणि सुपर टाकुमार ५०, दोघींचा फिल्टरचा आटा ४९ मिमी, त्यामुळे एकाच हूडात भागतं. एपीएस-सी सेन्सरवर ५८ मिमी लेन्स ८७ मिमी इतका अरुंद कोन बघते, म्हणून ८५-९० मिमी लेन्ससाठी असलेलं खोल हूड लावता येतं, कोपरे काळे होत नाहीत. हूड विसरलात तर साथीदाराच्या हातातलं काळं फोल्डर लेन्सवर धरा. आमच्याकडे भाचा हेच काम करतो आणि क्रेडिटमध्ये स्वतःला 'चीफ छत्री ऑफिसर' म्हणवतो.

हूडनंतर मुख्य घोटाळा होतो तो शटरचा. सिनेमासारखी हालचाल हवी तर २५ फ्रेमला शटर १/५०. भर उन्हात आयएसओ १०० आणि शटर १/१०० ला एफ/१६ लागतं, हा जुना हिशेब. एफ/१६ वरून एफ/२ वर यायला सहा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), शटर १/५० केलं त्याचा एक, एकूण सात. म्हणजे एनडी १२८ (एनडी म्हणजे उजेड कमी करणारा काळसर फिल्टर). लॉग प्रोफाइलमध्ये (मुद्दाम चपटं, फिकं चित्र टिपणारी सेटिंग) किमान आयएसओच ८०० असेल तर आणखी तीन, झाले दहा. बाजारातला व्हेरिएबल एनडी बहुधा पाच स्टॉपांवर दमतो आणि पुढे ताणला की फ्रेमवर काळी फुली उमटवतो. मग लोक वैतागून शटर १/१००० करतात, चालणारा माणूस ठोकळ्यासारखा टकटक चालतो, आणि दोष पुन्हा लेन्सला. एकच पक्का एनडी घ्या. दोन फिल्टर एकावर एक चढवलेत तर पहिल्या वर्षीच्या आरोपीला जोडीदार दिलात.

माझं आणखी एक मत, पटलं तर घ्या. जुनी लेन्स आणि ८-बिट (छटा कमी साठवणारं) लॉग यांची सोयरीक करू नका. लेन्सने कॉन्ट्रास्ट आधीच उतरवलेला असतो, लॉग तो आणखी चपटा करतं, मग एडिटिंगमध्ये ताणायला गेलं की आभाळात पायऱ्या पडतात. कॅमेऱ्याचं साधं प्रोफाइल घ्या, त्यातला कॉन्ट्रास्ट दोन घरं खाली आणा, पुरे.

हेलिओसचं फिरत्या पानांचं वलय, म्हणजे मागची धूसर पानं गोल फिरल्यासारखी दिसणं, हवं असेल तर उपवन तलावाच्या कडेला किंवा सीबीडी बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये जा. चार्ल्स कोरियांनी आखलेली ती बुटकी घरं, अंगणं आणि मधली झाडं या लेन्सला फार मानवतात. माणूस दीड-दोन मीटरवर, पानं त्याच्या मागे पाच-सहा मीटरवर, आणि पानांतून आभाळाचे कवडसे दिसायला हवेत. सलग हिरव्या भिंतीसमोर काहीच फिरत नाही. एपीएस-सीवर वलय कमीच दिसणार, कारण ते फ्रेमच्या कडांना असतं आणि कडा आपण कापतो.

फोकस मात्र रागालोभाचा विषय. ५८ मिमी, एफ/२, माणूस दीड मीटरवर, तर एपीएस-सी सेन्सरवर जेमतेम पाच सेंटिमीटर भाग शार्प. डोळे शार्प, कान गायब, आणि कलाकार श्वास घेताना पुढे झुकली तर डोळेही गायब. बोलण्याचा सीन मी एफ/२.८ किंवा एफ/४ वर घेतो. फोकस रिंगवर पांढऱ्या टेपची पट्टी, तिच्यावर पेन्सिलीच्या दोन खुणा, एक 'बस', एक 'उठ'. कलाकाराच्या जागा दोरीने मोजून जमिनीवर खडू. पीकिंगवर (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणारी कॅमेऱ्याची सोय) संपूर्ण विसंबू नका, काँट्रास्ट कमी असलेल्या लेन्सवर ते कमी बोलतं. रोलच्या आधी एकदा चित्र मोठं करून पापणी बघा.

लेन्सच्या माथी मारल्या जाणाऱ्या बाकीच्या तक्रारी

हॉलमध्ये फुटेज थरथरतं किंवा पट्टे सरकतात: आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. परदेशी व्हिडिओ बघून १/६० ठेवलं असेल तर तेच कारण. डेकोरेशनच्या मंद केलेल्या एलईडी माळा त्यातूनही छळतात, तिथे डेकोरेटरला दिवे फुल करायला लावा.

दूरचं काही शार्प होत नाही: अडॅप्टर जरा जाड आहे, बदला. निकॉनच्या जुन्या एफ माउंटवर साध्या अडॅप्टरने हे होणारच, त्या कॅमेऱ्याचं स्वतःचं अंतर ४६.५ मिमी आहे.

हातात धरल्यावर कडा जेलीसारख्या हलतात: कॅमेऱ्यात स्टॅबिलायझेशन असेल तर त्याला लेन्स ओळखू येत नाही. मेनूत फोकल लेंग्थ हाताने भरा, ५८ किंवा जवळची, ८७ नाही.

कॅमेरा शूटच करत नाही, "लेन्स नाही" म्हणतो: लेन्सशिवाय शटर चालू ठेवण्याची सेटिंग मेनूत शोधा. यासाठी मला आजवर जेवढे फोन आलेत, तेवढे बाकी सगळ्याला मिळून नसतील.

पुन्हा होऊ नये म्हणून

चामडी केस मी काढून टाकली. लोखंडी कपाटातून लेन्स बाहेर आल्या. ड्राय कॅबिनेट घेता आलं तर उत्तम, मी झाकणाला रबर असलेला हवाबंद प्लास्टिकचा डबा, छोटं आर्द्रतामापक आणि सिलिका जेल यांवर भागवतोय. काटा ४० ते ५० च्या मधे हवा. ६० च्या वर सलग राहिला की बुरशीचे दिवस सुरू. दर रविवारी काटा बघायचा आणि प्रत्येक लेन्सची फोकस रिंग एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायची. पावसात भिजलेल्या शूटनंतर लेन्स थेट डब्यात नाही, आधी रात्रभर पंख्याखाली.

सिलिका जेल गुलाबी झालं की ते भरलं. तापवलं की पुन्हा निळं होतं. मी ते पहिल्यांदा आईच्या पोळ्यांच्या तव्यावर तापवायला घेतलं होतं. निळ्या रंगासाठी त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते पोटात जाण्याची वस्तू नाही, हे आईला माहीत नव्हतं, पण तव्याजवळ मला बघूनच तिने जे करायचं ते केलं. आता माझा एक वेगळा जुना तवा गॅलरीत असतो, आणि जेल मी नारिंगी रंगाचं आणतो. ते भरलं की हिरवं होतं आणि त्यात कोबाल्ट नसतं.

या वर्षी जुलैत तोच सीन, त्याच कठड्यापाशी पुन्हा घेतला. केस काळे आले. डब्याचा काटा आज ४६ वर आहे. टाकुमारमध्ये बुरशी होती तिथे नखाएवढी खूण राहिलीय. डावीकडून दिवा आला की त्या कोपऱ्यात एक पुसट चंद्रकोर उमटते. म्हणून तलावपाळीवर टाकुमार लावली की मी दिवे उजवीकडे ठेवून उभा राहतो.